अभिस्तर ऊती: दरवर्षी वर्गात येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. नववीला ऊतींचा, म्हणजे मिळून एक काम करणाऱ्या सारख्या पेशींच्या समूहांचा, भाग सुरू झाला की ठरलेले प्रश्न येतातच. काही पुस्तकातले, काही घरून आलेले, तर काही वर्गात विचारायला लाज वाटते म्हणून रात्री व्हॉट्सॲपवर. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करणारी जुनी मुलंही मधूनच फोन करतात. दरवर्षी तेच लिहिण्यापेक्षा एकदाच इथे लिहून ठेवते. शाळेच्या पुस्तकाला पुरेल तेवढं आहेच, कुठे कुठे त्याच्या पुढेही गेले आहे. प्रश्नांचा क्रम मात्र पुस्तकातला नाही.

अभिस्तर ऊती म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे दोन तऱ्हेची बांधकामं दिसतात. एक गडगा: नुसते दगड रचलेले, मधे फटी, फटीत कधी सरडा तर कधी साप. दुसरी चिऱ्यांची भिंत: जांभ्याचे चिरे एकाला एक भिडवून, खाली पक्कं जोतं. अभिस्तर ऊती ही चिऱ्यांची भिंत. पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या, मधे जागा जवळजवळ नाहीच, आणि खाली एक पातळ तंतुमय पटल. या पटलाला आधारपटल म्हणायचं. ते खालच्या संयोजी, म्हणजे जोडणाऱ्या आणि आधार देणाऱ्या, ऊतीपासून या पेशींना वेगळं ठेवतं.

ही भिंत कुठे असते? शरीराची जिथे जिथे बाहेरच्या जगाशी गाठ पडते तिथे, आणि आतल्या पोकळ्यांनाही. त्वचा तर झालीच. पण तोंडापासून गुदद्वारापर्यंतची नळीसुद्धा खरं तर बाहेरच आहे, हे मुलांना पटायला वेळ लागतो. गिळलेलं चिंचेचं बी पोटात असतं, शरीरात नसतं. अभिस्तराची भिंत ओलांडली तरच ते शरीरात आलं म्हणायचं. श्वासमार्ग, मूत्रमार्ग, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर आणि ग्रंथी, सगळीकडे हीच ऊती.

अभिस्तर, उपकला, एपिथेलियम: यातलं बरोबर कुठलं?

सगळी. आपल्या शाळेच्या पुस्तकात पेशी, ऊती, अभिस्तर असे शब्द आहेत. जुन्या मराठी ग्रंथांत कोशिका आणि ऊतक भेटतील. उपकला हा हिंदी पुस्तकांतला शब्द, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं वाचणारी मुलं तिथून उचलतात. परीक्षेत आपल्या पुस्तकातला लिहा, म्हणजे वाद नको.

एपिथेलियम या शब्दाचं मूळ गमतीशीर आहे. फ्रेडरिक रुइश नावाचा डच शरीररचनातज्ज्ञ अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ओठांवरचं पातळ आवरण तपासत होता. त्या आवरणाखाली बारीक उंचवटे दिसले, म्हणून त्याने ग्रीकमधला स्तनाग्राचा शब्द घेऊन ‘उंचवट्यांवरचं’ अशा अर्थाचं नाव बनवलं. पुढे ते सगळ्याच अस्तरांना चिकटलं. म्हणजे नावाचा अर्थ पाठ करून फारसं काही हाती लागत नाही.

प्रकार लक्षात राहत नाहीत. पाठ कसे करायचे?

पाठ करू नका. माझं वर्गात एकच म्हणणं असतं: आधी काम विचारा, मग आकार आपोआप सांगता येतो.

समजा, भिंतीचं काम ‘पटकन पलीकडे जाऊ दे’ असं आहे. मग ती पातळ हवी, एकाच थराची, चपट्या पेशींची. ते झालं सरल पट्टकी. काम ‘घासलं तरी टिक’ असं असेल तर थरावर थर हवेत: स्तरित पट्टकी. काम ‘शोषून घे, पाझरव’ असेल तर पेशीच्या पोटात यंत्रसामग्री मावायला जागा हवी, म्हणून ती उंच किंवा चौकोनी: स्तंभीय, घनाभरूप. ‘ताणलं तरी फाटू नको’ म्हटलं की संक्रमणी.

नाव देताना दोनच गोष्टी बघायच्या. थर एक की अनेक, आणि सगळ्यात वरच्या थरातली पेशी कशी. हे ‘सगळ्यात वरच्या’ मुलं हमखास विसरतात. त्वचेच्या तळाच्या पेशी चपट्या नसतात, चांगल्या उभ्या असतात. तरी तिला पट्टकीच म्हणायचं, कारण वर पोचेपर्यंत त्या चपट्या झालेल्या असतात. चित्र दाखवून प्रकार ओळखायला सांगतात तेव्हा गुण इथेच जातात.

सरल पट्टकी एवढी पातळ का असते?

कारण तिथून वायू जायचा असतो. फुप्फुसातल्या वायुकोशाची भिंत आणि तिला चिकटलेल्या केशवाहिनीची भिंत मिळूनही जाडी साधारण अर्धा मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या निम्मी. त्या पलीकडून ऑक्सिजन रक्तात जातो. असे वायुकोश काही कोटींच्या घरात असतात आणि उलगडून पसरले तर साधारण ७० चौरस मीटर जागा व्यापतील. आमच्या शाळेचा वर्ग मुलांनी मोजला होता, तो ४२ चौरस मीटर भरला.

रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला वेगळं नाव आहे, अंतःस्तर किंवा एंडोथेलियम. आकाराने तेही सरल पट्टकीच.

रापण ओढणाऱ्यांच्या हाताला घट्टे पडतात. तेही अभिस्तरच का?

होय, आणि याच्याइतकं चांगलं उदाहरण पुस्तकात नाही.

माझे काका रापणीत होते. पहाटे होडीतून जाळं अर्धगोल टाकून आणायचं आणि मग दोन्हीकडची माणसं किनाऱ्यावर उभी राहून दोर ओढायची. ओला, वाळू लागलेला, खारट दोर. काकांच्या तळहातावर बोटांच्या मुळाशी पिवळट, चकचकीत घट्टे होते. लहानपणी मी नखाने टोकरून बघायची, त्यांना पत्ताही लागायचा नाही. कधी कधी ते ब्लेडने वरचा भाग तासून काढायचे. रक्ताचा थेंब नाही, वेदना नाही.

त्यात पुस्तकातला अर्धा भाग येतो. त्वचेवरची ऊती स्तरित पट्टकी. नव्या पेशी फक्त तळाच्या थरात तयार होतात आणि वर ढकलल्या जातात. वर जाता जाता त्यांच्यात केराटिन नावाचं चिवट प्रथिन भरत जातं, केंद्रक नाहीसं होतं, पेशी मरते आणि चपटी होऊन सगळ्यात वर येते. हा प्रवास साधारण महिनाभराचा, वयाप्रमाणे आणि जागेप्रमाणे कमीजास्त. मग ती गळून पडते. पावसाळ्यापूर्वी पडवीला झावळ्यांचे झाप एकावर एक लावतात तसं हे. वरचा कुजून गेला तरी खालचा असतोच, फरक एवढाच की इथे नवा झाप खालून येतो.

एकाच जागी सतत घासलं आणि दाबलं गेलं की तिथे वरचा मेलेला थर जाड होतो. तोच घट्टा. काका ब्लेडने तासायचे तो मेलेला थर, म्हणून दुखायचं नाही. पण हा खेळ तुम्ही करू नका. मधुमेह असेल तर तर मुळीच नाही.

तोंडाच्या आतली, अन्ननलिकेची आणि योनीमार्गाची ऊतीही स्तरितच, पण तिच्यावर मेलेला कडक थर नसतो, ती ओली राहते. हिरड्या आणि टाळूचा पुढचा भाग हा अपवाद. कडक भाकरीला तोंड द्यायचं म्हणून तिथे थोडं केराटिन असतं.

घनाभरूप कुठे असतं?

वृक्कनलिकांत (वृक्क म्हणजे मूत्रपिंड), लाळग्रंथींच्या नलिकांत, थायरॉइडमध्ये. वृक्कातलं लक्षात ठेवा. दिवसाला सुमारे १८० लीटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते दीड लीटरच्या आसपास. उरलेलं परत रक्तात ओढून घेण्याचं मोठं काम या चौकोनी पेशी करतात.

लहान आतडं पसरलं तर टेनिस कोर्टाएवढं होतं, हे खरं?

मीही कित्येक वर्षं असंच शिकवलं. २०१४ मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी नव्याने मोजमाप करून दाखवलं की पूर्ण पचनमार्गाचं आतलं क्षेत्रफळ साधारण ३२ चौरस मीटर भरतं, आणि त्यातलं बहुतेक लहान आतड्याचं. म्हणजे टेनिस कोर्ट नाही, बॅडमिंटनचं अर्धं कोर्ट. तेही कमी नाही. आतड्याच्या घड्या, घड्यांवर बोटांसारखे रसांकुर आणि रसांकुरावरच्या प्रत्येक स्तंभीय पेशीच्या माथ्यावर आणखी बारीक सूक्ष्मांकुर, यामुळे एवढी जागा तयार होते. या पेशी साधारण तीन ते पाच दिवसांत बदलल्या जातात. मागच्या रविवारचं जेवण पचवलेल्या पेशी आता तुमच्या पोटात नाहीत.

जुलाब झाले की आजी मीठ घालून पेज देते. त्याचा या धड्याशी काय संबंध?

फार जवळचा. हा प्रश्न एका मुलीने सहज विचारला होता आणि त्या दिवशी पूर्ण तास त्यातच गेला.

आतड्याच्या स्तंभीय पेशीला दोन तोंडं असतात असं समजा: एक पोकळीकडे, एक रक्ताकडे. पोकळीकडच्या बाजूला एक दार आहे, ज्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत येतात. एकटा आला तर दार उघडत नाही. ही जोडी आत गेली की तिच्यामागून पाणीही जातं. अशी जोडी असते ही कल्पना रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० साली मांडली.

आता कॉलरा. त्याचं विष आतड्यावर काम करतं हे कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं. ते विष पेशींना क्लोराइड बाहेर सोडायला लावतं, त्यामागून सोडियम आणि पाणी जातं, माणूस काही तासांत सुकतो. पण पेशी फाटत नाहीत. भिंत उभी असते आणि सोडियम-ग्लुकोजचं दार चालू असतं! नुसतं पाणी पाजून भागत नाही, पण मीठ आणि साखर घातलेलं पाणी त्या दाराने आत शिरतं.

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांची पाकिटं करून नातेवाइकांच्याच हातून रुग्णांना ते पाणी पाजलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

पेजेत साखर नसते, पिष्ट असतं. आतड्यात त्याचं हळूहळू ग्लुकोज होतं आणि मिठातलं सोडियम त्याच्या जोडीला असतंच. तांदळाच्या पिठाचं ओआरएस म्हणून वैद्यकात हाच मार्ग वापरलाही गेला आहे. आजीला दाराचं नाव ठाऊक नव्हतं इतकंच. तरी घरात ओआरएसचं पाकीट असू द्या. ते नसेल तर एक लीटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मूल सुस्त पडलं, लघवी थांबली, डोळे खोल गेले तर पेजेवर थांबू नका, दवाखाना गाठा.

रोमक स्तंभीय प्रत्यक्ष बघता येतं का? आपल्या शाळेत?

रोमक म्हणजे पेशीच्या माथ्यावरचे हलणारे बारीक केसांसारखे धागे. माणसाचे नाही, पण तिसऱ्यांचे, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांचे, बघता येतात. हा माझा सर्वांत आवडता तास.

ओहोटीला कोणी तिसऱ्या काढायला गेलं असेल तर चार-पाच जिवंत मागून घ्यायच्या, सोबत बाटलीभर समुद्राचं पाणी. शिंपली उघडली की आत पातळ, पट्ट्यापट्ट्यांचे कल्ले दिसतात. चिमट्याने तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून काचपट्टीवर समुद्राच्याच पाण्याच्या थेंबात ठेवायचा, वर काचझाकण. ४०० पटीवर तुकड्याच्या कडेला पाहा. कड थरथरताना दिसते, वाऱ्यावर भाताचं शेत हलतं तशी लाटेमागून लाट. थेंबात कोळशाची वस्त्रगाळ पूड किंचित टाकली तर तिचे कण त्या लाटांबरोबर रांगेत पळतात.

पहिल्यांदा जमलं तेव्हा एक मुलगा सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढताच ओरडला होता, “बाई, ह्यां अजून जितां आसा!” तिसरी उघडून अर्धा तास झाला होता. रोमकांना मेंदूच्या हुकमाची गरज नसते. पेशी जिवंत आहे तोवर ते वल्हवत राहतात.

त्याच्या आदल्या वर्षी माझा हाच प्रयोग फसला होता. मी घाईत विहिरीचं पाणी वापरलं. काहीच हललं नाही आणि मी मुलांना सांगितलं की तिसऱ्या शिळ्या असतील. तिसऱ्या ताज्या होत्या. गोड्या पाण्यात पेशी फुगल्या आणि रोमक थांबले, चूक माझी होती.

तिसरी हे रोमक पाणी ओढायला वापरते. आपल्या श्वासनलिकेत तेच काम चिकट श्लेष्मा वर ढकलण्याचं. प्रत्येक पेशीवर सुमारे २०० रोमक, सेकंदाला दहा-वीस फटके. अडकलेली धूळ घशाकडे येते आणि आपण नकळत गिळून टाकतो. स्त्रियांच्या अंडवाहिनीत हेच रोमक अंडं गर्भाशयाकडे सरकवायला मदत करतात. तिसरीच्या रोमकाची आतली बांधणी आणि माणसाच्या रोमकाची एकच: मधे दोन नलिका, भोवती नऊ जोड्या. काही माणसांत ही बांधणी जन्मतःच सदोष असते. त्यांना सतत सर्दी-खोकला होतो, आणि त्यांतल्या साधारण निम्म्यांचं हृदय उजवीकडे असतं. कारण गर्भात डावं-उजवं ठरवण्याचं कामही रोमकांचं.

छद्मस्तरित म्हणजे?

प्रार्थनेची रांग बाजूने बघा. सगळ्यांचे पाय जमिनीवर, पण डोकी वरखाली. लांबून दोन-तीन रांगा वाटतात, असते एकच. श्वासनलिकेतल्या पेशींचं तसंच: प्रत्येक पेशी आधारपटलाला टेकलेली, केंद्रकं मात्र वेगवेगळ्या उंचीवर.

मूत्राशयाची ऊती वेगळी का धरतात?

तिला संक्रमणी म्हणतात. मूत्राशय रिकामं असताना पेशींचे पाच-सहा थर दिसतात आणि वरच्या पेशी घुमटासारख्या फुगीर. भरलं की तेच थर दोन-तीन वाटतात, पेशी चपट्या होतात. चारशे-पाचशे मिलिलीटर सहज मावतं. मालवणहून मुंबईची रात्रीची एसटी ज्याने केली आहे त्याला या ऊतीबद्दल आदर असायला हवा.

ग्रंथी या धड्यात कशाला?

कारण ग्रंथी अभिस्तरापासूनच बनतात. गर्भात अभिस्तराचा काही भाग खाली आत शिरतो. पृष्ठभागाशी जोडणारी नळी टिकली तर ती बहिःस्रावी ग्रंथी: घाम, लाळ, दूध. नळी नाहीशी झाली आणि स्राव थेट रक्तात जाऊ लागला तर अंतःस्रावी: थायरॉइड, अधिवृक्क. आतड्यातल्या चषक पेशी तर एकेकट्याच ग्रंथी असतात, श्लेष्मा सोडत बसलेल्या.

बांगडा बुळबुळीत का लागतो, हेही यातच आलं. माशाच्या त्वचेत अशाच श्लेष्मा सोडणाऱ्या पेशी असतात.

मग माशाची खवलं अभिस्तराची का?

नाही, आणि हा चकवा आहे. बांगडा, तांबोसा अशा माशांची खवलं त्वचेच्या खालच्या थरात, संयोजी ऊतीत तयार होतात आणि हाडासारखी असतात. अभिस्तराचं पातळ आवरण त्यांच्यावरून असतं. आपले केस आणि नखं मात्र अभिस्तराचीच, केराटिनने भरलेली. सापाची कातही. साप वरचा मेलेला थर अखंड टाकतो, आपण कण कण टाकतो.

यात रक्तवाहिन्या नसतात म्हणे. मग पेशी जगतात कशा?

खालच्या संयोजी ऊतीतल्या केशवाहिन्यांतून अन्न आणि ऑक्सिजन आधारपटलातून झिरपत वर येतो. पुरावा हवा तर आठवा: दोराने सालपट निघतं, चुणचुणतं, पण रक्त येत नाही. वाहिन्या नाहीत म्हणून रक्त नाही, चेतातंतूंची टोकं आहेत म्हणून चुणचुण. कालवांच्या खडकावर पाय कापतो तेव्हा भळभळ रक्त येतं, कारण धार अभिस्तर ओलांडून खाली गेलेली असते.

डोळ्याच्या पारपटलावर, म्हणजे पुढच्या पारदर्शक पडद्यावर, तर बाहेरून, अश्रूंत विरघळलेल्या हवेतूनही ऑक्सिजन मिळतो. तिथे वाळूच्या कणाने ओरखडा उठला तर भयंकर दुखतं, पण किरकोळ ओरखडा बहुधा एक-दोन दिवसांत भरून येतो. चोळू मात्र नका.

काजूच्या बियांनी हात सोलवटतात. भिंत एवढी पक्की, तर हे कसं?

आंबा, काजू आणि बिबा एकाच कुळातले. बिबा उततो तसा काजूही उततो आणि कोणाकोणाला आंब्याचा चीकही. काजूच्या टरफलातलं तेल दोन तऱ्हेने त्रास देतं. एक तर ते थेट भाजतं. शिवाय त्यातले तेलकट, लहान रेणू वरच्या मेलेल्या थरातून झिरपून खालच्या प्रथिनांना चिकटतात आणि शरीर स्वतःच्याच त्या बदललेल्या प्रथिनांना परकं समजून हल्ला करतं. म्हणून एखाद्याला पहिल्या मोसमात काही होत नाही आणि पुढच्या मोसमात फोड येतात. ही भिंत पाण्याला अडवते, तेलकट पदार्थांना तेवढी नाही. म्हणूनच बिया सोलणाऱ्या बायका आधी हाताला खोबरेल किंवा राख लावतात.

समुद्रात डुंबल्यावर बोटं सुरकुततात ती पाणी शोषल्यामुळे ना?

वरचा थर थोडं पाणी शोषतो खरा, पण सुरकुत्यांचं मुख्य कारण ते नाही. बोटाची चेता तुटलेली असेल तर ते बोट पाण्यात सुरकुतत नाही, हे १९३० च्या दशकापासून ठाऊक आहे. चेतासंस्था बोटातल्या रक्तवाहिन्या आकुंचित करते, आतला भाग आक्रसतो आणि वरची कातडी घड्या घालते.

लावणीच्या दिवसांत पायाला चिखल्या होतात. तेव्हा शेतात जावं का?

शक्य तर नको. दिवसभर चिखलात राहून बोटांमधला मेलेला थर भिजून पांढरा, मऊ होतो, सोलवटतो आणि त्यात बुरशी वाढते. भिंतीला भोक पडलं. कोकणात याच दिवसांत लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते: उंदरांच्या, गुरांच्या लघवीतले जंतू खाचरातल्या पाण्यात असतात आणि जखमेतून किंवा डोळे, नाक, तोंडाच्या ओल्या अस्तरातून शिरतात. अखंड त्वचा त्यांना चांगली अडवते. जावंच लागलं तर गमबूट, आणि घरी आल्यावर पाय धुऊन बोटांमधे नीट कोरडे करायचे. मग ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही दिसलं तर आरोग्य केंद्रात जाऊन ‘शेतात होते’ हे आधी सांगायचं.

मिश्रीने कर्करोग होतो का? आई विचारते.

हा व्हॉट्सॲपवरचा प्रश्न. होतो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच.

अभिस्तराच्या पेशी सतत विभागत असतात आणि तंबाखू, धूर, ऊन यांच्या माऱ्यात सगळ्यात पुढे त्याच असतात. प्रौढांमधले बहुसंख्य कर्करोग याच ऊतीत सुरू होतात, त्यांना कार्सिनोमा म्हणतात. सुरुवातीला बिघडलेल्या पेशी आधारपटलाच्या वरच असतात. तेव्हा सापडलं तर काढून टाकता येतं. पटल फोडून खाली उतरल्या की रक्ताच्या आणि लसिकेच्या वाटा मोकळ्या. धूम्रपान करणाऱ्यांच्या श्वासमार्गात आणखी एक होतं: रोमक पेशींच्या जागी पट्टकी पेशी येतात. धूर त्यांना सोसतो, पण झाडू मारणारं कोणी उरत नाही. मग सगळी मदार खोकल्यावर.

तोंडात पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा व्रण दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तर आईला घेऊन डॉक्टरांकडे जा. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला दुखत नाहीच.

गालाच्या पेशींची स्लाइड नीट येत नाही. काय चुकतं?

जोरात खरवडता, किंवा रंग जास्त घालता. चूळ भरा, आइस्क्रीमच्या स्वच्छ काडीने गालाच्या आतून अलगद दोनदा फिरवा, काचपट्टीवर थेंबभर पाण्यात पसरा, मिथिलिन ब्लूचा लहान थेंब, मिनिटभर थांबून काचझाकण तिरकं टेकवत सोडा. वाकड्यातिकड्या घावनांसारख्या पेशी आणि प्रत्येकीत एक गडद ठिपका दिसला की जमलं. काही पेशी कडेला दुमडलेल्या असतात. तेही चित्रात काढा, सुधारून काढू नका. काडी वापरली की फेकायची, दुसऱ्याने घ्यायची नाही.

प्रयोगानंतर उरलेल्या तिसऱ्यांचं काय करता?

उघडलेली तिसरी मागच्या माडाच्या बुंध्याशी जाते. न उघडलेल्या, घट्ट मिटलेल्या असतील तर ज्याच्या घरून आल्या त्याला परत. गेल्या वर्षी त्या मुलाच्या आईने दुसऱ्या दिवशी डबाभर तिसऱ्यांची एकशिपी पाठवली आणि वर विचारलं, पुढचा प्रयोग कधी.